ट्रकच्या नाकावरचे नाव

आमच्या कोळीवाड्यातून कोणी परदेशी निघाला, तर त्याला बोईसर स्टेशनपर्यंत सोडायला अर्धी आळी जात असे. माझ्या वडिलांना मात्र मला किनाऱ्यावरच निरोप द्यावा लागला. भरतीची वेळ झाली होती आणि भरती कोणाचा व्हिसा पाहून थांबत नाही. सत्तरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी नवा सूट आणि नवे बूट घालून ओल्या वाळूत उभा होतो. बाबा गुडघाभर पाण्यात, बोटीचा काठ धरून. आदल्या दिवशी नांगराचा दोर तुटून बोट खडकाला घासली होती आणि एक खलाशी दोर विकणाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होता. बाबांनी त्याला गप्प केले.

"त्याला कशाला शिव्या देतस? बोट माजी हाय, तर दोरी पन माजीच."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा आता. बूट भिजतील."

काशिनाथच्या मुलांनो, माझ्या पुतण्यांनो, यंदाच्या गावजत्रेत 'अमेरिकेचे इंजिनवाले' म्हणून माझा सत्कार करण्याचे तुम्ही ठरवल्याचे कळले. त्यास माझी हरकत आहे, आणि हरकत कारणांसह नोंदवणे हा माझा जुना विकार असल्याचे तुमचे वडील सांगतीलच. तुमच्यापैकी जे बोईसरच्या कारखान्यांत पाळीला जातात आणि जे माझ्यासारखे लांब गेले, त्या सर्वांनी ही कारणे वाचावीत.

मी एकही इंजिन बनवलेले नाही. इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात, अवजड ट्रक बांधणाऱ्या एका कंपनीच्या हमी विभागात मी नोकरी केली. हाताला ग्रीस लागण्याचा प्रसंगच नव्हता. अभियांत्रिकी शिकलो होतो, कायद्याची गोडी होती, आणि माझ्या वाक्यांत कोणाला फट सापडत नसे. कंपनीला असाच माणूस हवा होता.

इथला अवजड ट्रक कसा जन्माला येतो, हे समजल्याशिवाय माझी लाज समजणार नाही. ट्रक बांधणाऱ्या बहुतेक कंपन्या सांगाडा आणि केबिन करीत. डिझेल इंजिन दुसऱ्याचे, गिअरबॉक्स तिसऱ्याचा, चाकांचा आस चौथ्याचा. लग्नाच्या बस्त्याला बसल्यासारखे गिऱ्हाईक बसून एकेक नग निवडी. एका कंपनीच्या सांगाड्यात हव्या त्या कंपनीचे इंजिन बसवून मिळे. त्यांतले एक टू-स्ट्रोक डिझेल तर असे किंचाळे की डोंगरापलीकडून ट्रक येतो आहे हे कळावे. काही मोजकी घराणी इंजिनापासून आसापर्यंत सारे स्वतःचे करीत आणि त्याचा त्यांना गर्व होता. तो गर्व मला तेव्हा हास्यास्पद वाटे.

कारण आमची व्यवस्था कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती. घाटात ट्रक बंद पडला, चालकाने तक्रार केली, की मी लिहीत असे: 'सदर इंजिन आमच्या उत्पादनात मोडत नाही.' इंजिनवाले लिहीत की दोष बसवणीचा आहे. गिअरबॉक्सवाले लिहीत की इंजिनाचे धक्के अवाजवी आहेत. तिन्ही उत्तरे खरी असत आणि चालक रस्त्यावरच असे.

असा एक चालक एकदा थेट आमच्या कचेरीत आला. स्वतःचा एकच ट्रक असलेला, म्हातारपणाकडे झुकलेला माणूस. मी त्याला कलम समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले, खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या नव्या ट्रककडे बोट दाखवले आणि म्हणाला, "मग त्याच्या नाकावर नाव कोणाचं आहे?" मी म्हणालो, तो केवळ बोधचिन्हाचा प्रश्न आहे. या उत्तराबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पुढे तेल महागले, मालवाहतुकीवरचे सरकारी निर्बंध उठले, मागणी कोसळली. धुराचे नियम कडक होत गेले तशी ती किंचाळणारी इंजिने रस्त्यावरून कमी झाली. जुनी नावे एकेक करून बुडाली किंवा युरोपातल्या मालकांनी विकत घेतली. आमचीही कंपनी विकली गेली. नाकावरचे नाव तेच राहिले. कामगारांच्या निवृत्तिवेतनाविषयी मी नव्या मालकांना संतप्त, मुद्देसूद पत्रे लिहिली. त्यांचे उत्तर आले की ती जबाबदारी पूर्वीच्या कंपनीची आहे आणि पूर्वीची कंपनी आता अस्तित्वात नाही. वाक्यात फट नव्हती. लिहिणारा माझ्याच तालमीतला असावा.

नव्वदच्या दशकात मी नारळी पौर्णिमेला गावी आलो. काशिनाथने माझ्या सल्ल्याने नव्या बोटीला ट्रकचे डिझेल इंजिन बसवून घेतले होते. इंजिन बोईसरच्या एका दुकानातून, गिअरबॉक्स पालघरच्या दुसऱ्या दुकानातून. मोसमाच्या पहिल्याच फेरीत दोघांमधला सांधा तुटला आणि दुसऱ्या बोटीने आपली बोट ओढून आणली. ऐन मोसमात बोट बंद राहिली, तर खलाशी दुसऱ्या बोटीच्या तांडेलाकडे जातात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही चूल आहे. पण खलाशी गेले की बोटमालक उरतो तो नावापुरता.

मी काशिनाथला म्हणालो, "तू बोलू नकोस. मी बोलतो."

बोईसरच्या दुकानदाराने चहा मागवला. मी हमी, दायित्व, नुकसानभरपाई असे सारे मांडले. तो हसतमुखाने ऐकत होता.

"साहब, इंजन तो चालू है ना? तोडा गिअरबॉक्स ने. गिअरबॉक्स हमारा नहीं है."

पालघरचा म्हणाला, "गिअरबॉक्सला काय झालंय, दाखवा. इंजिनाचा झटकाच जास्त आहे. इंजिन आमचं नाही."

मी उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. काशिनाथला वाटले, मला उन्हाचा त्रास होतो आहे. त्याने रिक्षा केली. वाटेत मला म्हणाला, "दादा, लय हुशार लोक हायत. तुज्यासारके बोलतात." त्यात टोमणा नव्हता, त्याला खरोखर कौतुक वाटले होते.

त्याच संध्याकाळी तो खलाशांच्या घरी निघाला, मीही सोबत गेलो. बोट बंद पडली तर मालकाने स्वतः प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगायचे, ही आपल्याकडची रीत बाबांपासून मी पाहत आलो होतो. निरोप धाडायचा नाही. पहिल्या दारात काशिनाथ म्हणाला, "माजं इंजन बंद पडलं. महिनाभर बोट नाय. तुजं तू ठरव." दुसऱ्या दारात तेच. मी त्याला बाजूला ओढले.

"अरे, 'माझं' काय म्हणतोस? साक्षीदारांसमोर ही कबुली होते. उद्या दावा लावायचा झाला तर?"

"दादा, मी कोडतात नाय, दारात उभा हाय."

माझ्या आयुष्यभराच्या टाचणांना इतके थोडक्यात उत्तर कोणी दिले नव्हते.

काही खलाशांनी मान खाली घालून दुसरी बोट धरणार असल्याचे सांगितले. शेवटचे दार नामदेवकाकांचे. बाबांच्या वेळेपासूनचे खलाशी. ते गेले तर उरलेलेही जाणार, हे आम्ही दोघे जाणत होतो. काशिनाथ दारात उभा राहिला, पण त्याला शब्द फुटेना. काकू सुकटाची टोपली घेऊन बाहेर आल्या, त्याही थांबल्या.

तेव्हा मी म्हणालो, "काका, माझं इंजिन बंद पडलं."

काकांनी मला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळले. "अमेरिकेशी येऊन एवडंच सांगाला आलास?"

"एवढंच."

"तुजं हाय ना? मंग उद्या इंजन काडाला तू पन ये. आन हे बूट घालून नको येव, चिखलात रुततील."

मी गेलो. गुडघाभर चिखलात उभा राहून इंजिनाला दोर बांधला, ओढला, पडलो. काकू किनाऱ्यावरून ओरडल्या, "धरा रे त्याला, आपल्याकडं त्याचा सुटा भाग मिळाचा नाय!" सारे हसले. इंजिन निघाले. काका राहिले, त्यांच्यासोबत आणखी काही राहिले, आणि सांधा नवा बसल्यावर महिनाअखेरच्या उधाणाला बोट पाण्यात गेली.

यात माझा गौरव करण्यासारखे काही नाही. एका दारात मी जे बोललो, ते मला शेकडो माणसांना लिहिता आले असते आणि मी ते लिहिले नाही. त्या चालकाचे नावही मला आठवत नाही, याची लाज अधिक वाटते. शाल माझ्या खांद्यावर पडली, तर मी तिला काय उत्तर देऊ?

इथे ओहायोत माझ्या घराच्या दारावर पितळी पाटी आहे आणि तीवर माझे नाव आहे. नामदेवकाकांच्या दारावर कसलीच पाटी नाही. तरी घर म्हटले की मला तेच दार दिसते. त्या दारात 'माझं' म्हटल्यावर ते निभवायला दुसऱ्या दिवशी बोलावतात.

तेव्हा सत्कार रद्द समजावा. पावसाळ्याआधी बोट किनाऱ्यावर ओढायचा दिवस ठरला की कळवा. या वेळी बूट आणणार नाही.