दादाराव आणि गिधाडाचं पिल्लू

दादाराव मेश्राम आमच्या पक्षिकेंद्रात गिधाडांना खाऊ घालायचे. केंद्र न्यू जर्सीत, पिस्कॅटवेपासून अर्ध्या तासावर, साल १९८४. दादाराव नागपूरकडचे, पन्नाशीचे, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., तरी इथे मांस कापायची नोकरी. मी तिथला पशुवैद्य, पुण्याचा, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि शहाणपणाने नुसता फुगलेला.

आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेतल्या केप गिधाडांची एक जोडी होती. रानातली संख्या घटत चाललेली, त्यामुळे या जोडीच्या एकुलत्या एका पिल्लावर सगळ्यांचा जीव. पण पिल्लाचे पंख वाकडे वाढू लागले. मी मांसावर कॅल्शियमची पावडर टाकत राहिलो.

एका मीटिंगमध्ये दादाराव मराठीतच मला म्हणाले, "डॉक्टर, नुसतं मांस नको. हाडं फोडून ठेवू या. आई-बाप बारीक तुकडे वेचून पिल्लाला भरवतात. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायचे ना, तिथे मी लहानपणी पाहिलंय."

मी हसून विचारलं, "आणि तुम्ही तिथे काय करत होतात?"

टेबलाशी आणखी दोघं मराठी होते, तेही हसले. मला उत्तर ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं होतं. दादारावांनी चष्मा काढून पुसला आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

तीन आठवड्यांनी पिल्लाने पंख पसरले आणि डाव्या पंखाचं हाड मोडलं. शेवटचं इंजेक्शन मीच दिलं.

मग दक्षिण आफ्रिकेहून एका संशोधकाचं पत्र आलं. तिकडे कुरणांतले तरस मारून टाकले, त्यामुळे हाडं फोडणारं कोणी उरलं नाही आणि पिल्लांची हाडं मऊ राहू लागली. आता ते लोक मांसाबरोबर ठेचलेली हाडं ठेवत होते. दादारावांनी सांगितलं होतं, नेमकं तेच.

पत्र घेऊन मी फीड रूममध्ये गेलो. पुढच्या विणीला अजून कित्येक महिने होते, पण दादाराव हातोडीने हाडं फोडत बसले होते.

"एकदाच सांगून गप्प का बसलात? इन्सिस्ट करायचं ना!" मी म्हणालो. तेव्हाही दोष त्यांनाच.

त्यांचा हात थांबला. "माझे आजोबा मेलेली ढोरं ओढायचे, डॉक्टर. मी त्यांच्याबरोबर जायचो. त्या दिवशी एवढं बोललो असतो तर पिल्लू वाचलं असतं. माझीच मला लाज वाटते."

लाज माझी होती, आणि ती हा माणूस वाहत होता. मी हातोडीसाठी हात पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुम्हाला सवय नाही."