मावशींची शुक्रवारची ऑर्डर

खांदा कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींनी मला या धंद्यात आणलं. धंदा म्हणजे साबण, क्रीम, प्रोटीनचे डबे ओळखीपाळखीत विकायचे. दुकान नाही, पगार नाही, फक्त कमिशन. माझा नवरा तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला, मुलं शाळेत आणि मी दिवसभर घरात चिडचिड करत बसलेली. मावशी म्हणाल्या, "एवढं तोंड चालतं तुझं, जरा कामाला लाव."

कमिशनचं गणित त्यांनी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं होतं. त्यांची लेव्हल पंधरा टक्क्यांची, माझी सुरुवातीची पाच. मी शंभराचा माल विकला की पाच मला आणि मधले दहा त्यांना, कारण मला त्यांनी आणलेलं. मी जसजशी वर चढेन, तसतसा हा मधला फरक कमी होत जाणार.

"आणि मी पंधरावर आले की?"

"मग तुझं तुला," म्हणत त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. मी मान डोलावली. डोक्यात शिरलं ते एवढंच, की पाचापेक्षा पंधरा जास्त.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू. एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा इस्रायलला. तो सारखा बोलवायचा, पण मावशींना जायचं नव्हतं. एकेक करून निम्मे नातेवाईक गेले, विमानतळावर निरोप देऊन देऊन कंटाळले, म्हणायच्या. "इथे मला भाजीवालीशी भांडता येतं. तिकडे कुणाशी भांडू, आणि कुठल्या भाषेत?" पेन्शन नव्हती. मुलापुढे हात पसरायचा नाही, हा हट्ट. गुडघ्यांमुळे फिरणं बंद झालेलं, स्वतःची गिऱ्हाइकं चार-दोन उरलेली. घर चालायचं ते माझ्या विक्रीवरच्या त्या मधल्या फरकावर. हे सगळं मला ठाऊक होतं हो. फक्त हे आणि ते कमिशनचं गणित मी कधी शेजारी ठेवून बघितलं नाही.

मी तर सुटलेच! करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगांमध्ये लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईलाही क्रीम विकून आले. कंपनीच्या मीटिंगमध्ये कोट घातलेले सर ओरडायचे, "थांबायचं नाही!" आणि आम्ही बायका टाळ्या वाजवायचो. पंधराची लेव्हल एकाच महिन्यात ठरावीक विक्री झाली तरच मिळते. थोडक्यात हुकली, की पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी महिनाअखेरीला कमी पडलेला माल स्वतःच विकत घेतात. मग पलंगाखाली डबेच डबे. मी त्यांना हसायचे. माझी वेळ आली तेव्हा मीही तेच ठरवलं. आईने दिलेल्या पाटल्या मोडते, पण लेव्हल घेते, असं मावशींसमोर तावातावाने बोलून गेले. मावशींनी माझ्या हातातल्या पाटल्यांकडे बघितलं.

त्या महिन्याची अखेर शनिवारी होती. शुक्रवारी दिवस मावळला की मावशींचा शब्बाथ सुरू. मग शनिवार संपेपर्यंत त्या पैशाला हात लावत नसत, फोनही घेत नसत. तर त्या शुक्रवारी दुपारी कठडा धरून, एकेक पायरी उतरत त्या माझ्या दारात आल्या. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाने, एका पार्लरवालीने, मोठी ऑर्डर दिली होती.

"ही तुझ्या नावावर टाक. आत्ता, माझ्यासमोर."

मी टाकली आणि माझा आकडा पुरा झाला. मी त्यांना मिठीच मारली. "सोड बाई, दिवे लावायचे राहिलेत माझे," म्हणत त्या परत जिना चढायला लागल्या.

पुढच्या महिन्यात कंपनीने हॉलवर बोलावून मला हार घातला. मावशी आल्या नाहीत. मी पेढे घेऊन वर गेले, तर दारात दूधवाला उभा. उद्यापासून अर्ध्याऐवजी पाव लिटर द्या, असं त्याला सांगत होत्या. मी विचारलं, का हो?

"तू पंधरावर, मी पंधरावर. मध्ये काय उरलं?" अगदी हसत म्हणाल्या. माझ्यासारख्या तिघी त्यांनी तयार केल्या असत्या तर वेगळा बोनस होता. त्यांच्याकडे मी एकटीच.

निम्मे पैसे देते म्हटलं, तर अशा कडाडल्या की बास. वर्ष सरायच्या आत मुलाने तिकीट पाठवलं. विमानतळावर या वेळी मी गेले होते. रडले, नुसती रडले. एक महिना दम धरला असता तर काय आभाळ कोसळणार होतं का माझ्यावर? अजून स्वतःचा राग येतो.

परवा व्हिडिओ कॉलवर शेवटी विचारलंच. "मावशी, तुम्हाला तर माहीत होतं. मग ती ऑर्डर मला का दिलीत?"

"अगं, तू पाटल्या मोडायला निघाली होतीस. मी दिली नसती तरी तू वर जाणारच होतीस, आणि माझे पैसे जाणारच होते. म्हटलं, हिच्या पाटल्या तरी राहू देत."

मग त्या स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

"आहेत ना गं? बघू दे."

मी हात फोनसमोर धरला.