पाळीला नेम नव्हता तेव्हा

अंजनगावाकडच्या माळ्याची मी लेक. अकोल्यापासून दिवसभराच्या गाडीवाटेवर, कपाशी पिकवणाऱ्या घरात दिली. माझ्या पाळीला नेम नव्हता. कधी दीड महिन्यानं, कधी तीन. एकदा तर दिवाळीत बाहेर बसले, त्यानंतर थेट होळीला. बाईचं बाहेर बसणं साऱ्या घराला दिसतं, तसंच न बसणंही दिसतं. दोन महिने लोटले की सासू माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. मग एका सकाळी मी गोठ्याच्या पडवीत जाऊन बसायची. सासू पाण्याचा तांब्या दुरूनच ठेवून निघून जायची. सहा वर्षं हे असंच चाललं.

तेव्हा समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली होती, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हती इतकी मागणी आली. ज्वारीच्या वावरातसुद्धा कपाशी उभी राहिली. नवरा हंगामभर गाड्या घेऊन अकोल्याला. कापूस तोलून होईपर्यंत आठ-आठ दिवस तिथंच मुक्काम.

जावेच्या बाळंतपणाला आलेल्या सुईणीनं मला एकटीला गाठून विचारलं, "मधातच कधी भेंडीच्या पाण्यावानी चिकट, तार धरणारं जाते का तुले?"

मी लाजत हो म्हणाले.

"मंग महिने काहून मोजतं? तेच दिवस पोर राहाचे. तवा नवरा घरी पायजे."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी फक्त विटाळाची वाट पाहत होते. माझं अंग मधूनच काही सांगत असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पौषात कापूस वेचताना ती खूण दिसली. नवरा परवाच गेला होता. मी धीर करून सासूकडे गेले.

"आत्याबाई, मले अकोल्याले जा लागते."

"काहून?"

खाली मान घालून मी सुईणीचं सारं सांगितलं. तिचा हात बोंडावर थांबला.

"आजच?"

"आज, नाही तं उद्या."

तिनं कमरेची कापसाची ओटी सोडली, घरी येऊन भाकरी बांधली आणि सासऱ्यांना म्हणाली, "अकोल्याची बहीण बिमार हाय. सुनेले घेऊन जातो."

गावातल्या कुणाच्या कापसानं भरलेल्या गाडीवर आम्ही दोघी बसलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मायंही असंच होतं. पाच वर्सं. कोणाले बोलली नाही मी." तिच्याकडे बघायचा मला धीर होईना.

अकोल्याच्या वेशीबाहेर पोचलो. नजर जाईल तिथवर गाड्या, बैल आणि कापूसच कापूस. झाडांच्या फांद्यांनाही पुंजके लागलेले. "एवढं सारं मातीतून निघालं," सासू हळूच म्हणाली.

मावशी, म्हणजे सासूची बहीण, धडधाकट होती. तिनं निरोप धाडला तसा नवरा धावतच आला. त्याला वाटलं कोणीतरी गेलं. त्याच्या मिशांत कापूस अडकला होता. मी का आले ते सांगितल्यावर तो म्हणाला, "बैलं बांधून येतो." आम्ही मावशीकडे तीन दिवस राहिलो.

त्यानंतर पाळी आली नाही, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. सासूनंही या खेपेला लोणी वाढलं नाही. वैशाखात एका दुपारी मी रेच्यावर बसून कापसातली सरकी काढत होते. पोटात आतून काहीतरी लागलं, पाण्यात मासोळी वळावी तसं. मी रेचा थांबवला. पुन्हा लागलं.

सासूला हाक मारली. तिनं माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि वाट पाहिली. काहीच होईना. तरी तिनं हात काढला नाही. मग एकदम ती हालचाल झाली आणि सासू जमिनीवर बसली, हात तिथंच.

"हाय," ती म्हणाली. एवढंच.

आश्विनात मुलगी झाली. पुढंही माझी पाळी तशीच लहरी राहिली, दुसरं मूल झालं नाही. पण त्या सकाळी सुईणीनं पोर पुसून सासूच्या हातात दिलं, तेव्हा सासूनं तिला दाराच्या उजेडात नेलं, मूठ उलगडली आणि एकेक बोट निरखून पाहिलं.

"नखं पाह्य व," ती मला म्हणाली, "नखं बी आली हायेत तिले."