आजोबांचं आजचं पान

दोन काळांत एकाच वेळी संसार करणारा माणूस साऱ्या बडोद्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला गोत्रीला, नोकरी वाघोडियाच्या एका कारखान्यात, आणि जीव मात्र पहिल्या महायुद्धात. त्यांचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. लढाईला म्हणून कुठल्याशा वाळवंटात गेले आणि तिथे वर्षभर त्यांनी मोडीत रोजनिशी लिहिली. त्या एका वहीसाठी साडू मोडी शिकले. आजोबांनी तारखा घातल्या नव्हत्या, तिथ्या घातल्या होत्या. म्हणून साडू रोज सकाळी आधी पंचांग बघायचे आणि मग त्या तिथीचं पान मोठ्यानं वाचायचे. एकच पान. उद्याचं पान आज उघडायची कुणाची बिशाद नव्हती. वही दरसाल वाचून त्यांना तोंडपाठ झालेली, तरी! मी एकदा म्हटलं, "अहो, पुढं काय होतं ते बघा तरी." तर म्हणाले, "आजोबांनी अजून भोगलं नाही, ते मी आधी वाचू?" 

आता युद्धातल्या सवाराची रोजनिशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तलवारी येतील. माझ्याही आल्या होत्या. वहीत निघालं काय, तर घोड्यांची चंदी, फाटलेलं घोंगडं, भाकरी कुणी करपवली, लोट्यावरून कोण कुणाशी भांडलं, आणि चंद्री. चंद्री म्हणजे आजोबांची घोडी. तिचं पोट फुगलं त्या तिथीला साडूंच्या घरात कुणी मोठ्यानं हसायचं नाही. मुलाला नोकरी लागली म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर दारातच हळू आवाजात सांगतात, "आज नको हो साडूभाऊ, चंद्रीला बरं नाहीये." पेढे मी गुपचूप ताईंच्या, म्हणजे मेहुणीबाईंच्या, हातात दिले. ताई म्हणाल्या, "परमुलखात कांदे संपले की यांना बरोबर कळतं. माझी टोपली आठवडाभर रिकामी आहे, ती कधी दिसायची?" आणि अधिक महिना आला की बघायलाच नको. आजोबांच्या वर्षात तो नव्हता, त्यामुळे महिनाभर वही मुकी. साडू चेहरा पाडून घरभर फिरायचे. तेव्हा घरोघर केबल नवी आलेली. मी क्रिकेट लावून दिलं तरी यांचं लक्ष पंचांगाकडे.

या माणसाला हाव एकच होती. रावपुऱ्यात आमच्या मराठी मंडळाचं सभागृह आहे. तिथं भिंतभर तसबिरी आहेत, पण सगळ्या कारभाऱ्यांच्या नाहीतर शास्त्र्यांच्या. सवार एकही नाही. त्या भिंतीवर आजोबा लागावेत म्हणून साडूंनी कितीतरी वर्षं मंडळाच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. शेवटी अध्यक्षांना पाझर फुटला. म्हणाले, "रविवारी कार्यक्रम ठेवू. लढाईचं एक पान दणकून वाचा. लोक टाळ्या देतील, लगेच तसबीर लावून टाकू. चालो, नक्की!"

साडूंचा चेहरा उजळला आणि तिथल्या तिथे पडला. "पण रविवारी फाल्गुन वद्य प्रतिपदा आहे. लढाई कार्तिकात झाली."

"मग कार्तिकातलं वाचा की!"

"फाल्गुनात?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी साडूंना बाजूला घेतलं. "अहो, मोडी येते कुणाला इथं? पान प्रतिपदेचं उघडा आणि तोंडानं कार्तिक म्हणा. पाठ आहे ना?" त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते देवाला ठाऊक.

रविवारी सभागृह भरलं. आजोबांची तसबीर हार घालून खुर्चीवर ठेवली होती आणि वर भिंतीत नवा खिळा ठोकून तयार होता. साडू उभे राहिले. त्यांनी खिळ्याकडे बघितलं, तसबिरीकडे बघितलं.  मी मनात म्हणतोय, कार्तिक, कार्तिक! त्यांनी वही उघडली.

"फाल्गुन वद्य प्रतिपदा. काल होळी झाली. पुरणास डाळ नाही, सबब घोड्यांच्या चंदीतील हरभरे घेतले. चंद्रीच्या तोंडचे काढले, पाप लागले तर मला लागो. गूळ नव्हता, खजूर घातला. पोळ्या फाटल्या. सर्वांनी खाल्ल्या. जेवताना कोणी बोलले नाही."

 मग पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "फाटणारच रे बाबांनो! पुरण आटवायला हवं होतं." सगळे हसले, आणि हसता हसता कितीतरी जणांनी नाकाला रुमाल लावला. अध्यक्ष माइक ओढून म्हणाले, "छान, छान. पण ते शौर्याचं?"

"शौर्य पाहिजे तर कार्तिकात या," साडू म्हणाले.

अध्यक्षांना ते झोंबलं. तसबिरीचं पुढच्या बैठकीत बघू, असं जाहीर झालं आणि खिळा तसाच राहिला.

परत निघालो तर साडू स्कूटर चालवतायत आणि मी मागं मांडीवर आजोबांना घेऊन बसलोय, हारासकट. माझं डोकं फिरलं होतं. "एक पान फिरवलं असतं तर काय बिघडत होतं?"

साडूंनी मागून आलेल्या बसला वाट दिली. मग म्हणाले, "वर्षभरात तेवढा एक दिवस ते पोटभर जेवले हो. त्या ताटावरून उठवून त्यांना लढाईला पाठवू? भिंतीसाठी?"

मी मांडीवरच्या आजोबांचा हार सरळ केला. सिग्नलला थांबलो, तर शेजारच्या रिक्षावाल्यानं हारातली तसबीर बघितली. आमच्याकडे माणूस वारला की 'ऑफ' झाला म्हणतात. त्यानं हळूच विचारलं, "काका, कोण ऑफ थई गया?"

साडूंनी मान वळवून आजोबांकडे बघितलं. "कोई नथी गयुं, भाई," ते म्हणाले. "दादा लडाईमांथी पाछा आव्या छे. घरे लई जाऊं छुं."

आजोबा लढाईवरून परत आलेत म्हटल्यावर रिक्षावाल्यानं हात जोडले. सिग्नल सुटला.

"साडूभाऊ, सावकाश," मी म्हटलं. "आता घाई नाही."