वळणावरचं सोयाबीन

त्या सकाळी रस्त्यावर सोयाबीन मी टाकलं होतं. कुत्रा आडवा आलाच नव्हता. एवढं साधं आहे ते, पण दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव आर्णी तालुक्यात, डांबरी रस्त्याला लागून. गावात शिरण्याआधी रस्ता टेकडीवरून खाली येतो आणि नाल्याच्या पुलाजवळ डावीकडे वळतो. तिथं झाड नाही, सावली नाही. म्हणून सोयाबीन निघालं की लोक त्याच वळणावर वाळत घालायचे. कडेनं दगड मांडले की गाडीवाले बाजूनं जातात. एक दुचाकीवाला दाण्यांवरून घसरला, पाय मोडून घेतला, तेव्हा ग्रामपंचायतीनं हे बंद करायचं ठरवलं. मी सदस्य होतो. भोंग्यावरून सूचना वाचली तीही मीच. रस्त्यावर कोणीही माल टाकू नये.

आठ-दहा दिवसांनी माझं स्वतःचं सोयाबीन ओलं निघालं. अंगणात चिखल होता, आभाळ पुन्हा भरून येत होतं. डांबर रात्री उशिरापर्यंत गरम असतं, वाराही सुटला होता. अंधार पडताना टाकू आणि गाव उठायच्या आत उचलू, कुणाला कळणार नाही, असा मी हिशेब केला.

माझी भाची, यवतमाळच्या बहिणीची मुलगी, आठवीपासून आमच्याकडे राहत होती. तिला सायकलचं वेड, आणि टेकडीचा रस्ता आमच्या दारात. "दादा, तुया भरोशावर पोरगी ठेवून राह्यली मी," असं बहीण म्हणाली होती. भाची रोज साडेसहाला सराव करायला निघायची. त्या दिवशी तिला कॉलेजच्या कामानं यवतमाळला जायचं होतं, म्हणून ती तासभर आधी निघणार होती. रात्री जेवताना तिनं ते सांगितलंही. मी हो म्हणालो असेन. माझं लक्ष आभाळाकडे होतं.

उजाडत होतं. मी फावड्यानं सोयाबीन पोत्यात भरत होतो, अर्धं अजून रस्त्यावर होतं. वरून चाकांची सळसळ ऐकू आली. मी हात वर करेपर्यंत ती वळणावर पोचली होती. सायकल तिच्या अंगाखालून निघून गेली आणि ती पुलाच्या कठड्यापाशी जाऊन आदळली.

मी धावलो. तिला कुशीवर वळवलं. श्वास चालू होता. हेल्मेटला तडा गेला होता, डोळे अर्धे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. फोन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. मी परत वळणावर गेलो, उरलेलं सोयाबीन खराट्यानं नाल्यात लोटलं, कडेचे दगड उचलून फेकले, भरलेली पोती पुलाखाली सरकवली. मग फोन केला.

लोक जमले तेव्हा मी म्हणालो, कुत्रा आडवा आला. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. आमच्याकडे कुत्री आडवी येतातच.

तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डोक्याला मार बसल्यामुळे त्या सकाळचं तिला काहीच आठवेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कदाचित आठवणारही नाही. ते ऐकून मला हायसं वाटलं, हेही आज कबूल करतो. दवाखान्यात बहिणीनं माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, तू होता म्हनून वाचली माही पोरगी." मी मान खाली घातली. लोकांना तो माझा साधेपणा वाटला.

भाची बरी झाली, पुन्हा सायकलवर बसली, आधी राज्याच्या, मग देशाच्या आणि यंदा परदेशातल्या एका संघात गेली. तिच्या पहिल्या मोठ्या शर्यतीला उद्या सुरुवात आहे. आठ दिवस, रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला, मध्ये डोंगर. गावात महिनाभर दुसरा विषय नाही. समाजमंदिरात पडदा लावायचं ठरलं आहे. परवा पानठेल्यावर यावरून जुंपली.

"आठ दिवस सायकल हाकून पोचतेत कोठं?"

"निघाले थ्याच्या पुढं."

"मंग आपला मास्तर तीस वर्सं रोज आर्णीले सायकलनं गेला. थ्याले कोनी हार घातला का बे?"

"मास्तरचं नको सांगू. मास्तर उतार आला का खाली उतरून पायी चाले!"

सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

भाचीनं शर्यतीचा नकाशा घरच्यांना पाठवला होता. त्यात रोजच्या चढउताराची रेघ काढलेली असते. सगळे चढ बघायचे. एवढं चढायचं म्हणजे काय खाऊन चढतात, असं विचारायचे. मला फक्त पाचव्या दिवसाचा उतार दिसायचा. बावीस किलोमीटर, वळणावर वळण. मी ती रेघ फोनवर बोटांनी मोठी करून बघत बसायचो, जणू बघून ती कमी होणार होती. मग जुन्या शर्यतींचे व्हिडिओ शोधायला लागलो. ओल्या रस्त्यावर एक पडते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर चार. बघू नये असं ठरवायचो आणि पुन्हा बघायचो. जेवताना घास तोंडातच फिरायचा.

"शर्यत तिची अन् सुकून तुमी राह्यले," बायको म्हणायची.

दहा दिवसांपूर्वी भाचीचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मामा, एक खरं सांगू? आईले नका सांगू पन. मले उताराची भीती वाटून राह्यली."

"काहून व? तू त लहानपनापासून उतारावर हात सोडून येत होती."

"थे पहिले. आता वळन आलं का हात आपोआप ब्रेकवर जाते. बाकीच्या पुढं निघून जातेत. आमच्या कोच म्हनतेत, तू काहून पडलती थे समजून घे, मंग भीती जाईन. त्यायनं विचारलं, कुत्रा कोनत्या बाजूनं आलता? मले आठवतच नाई, मामा. रोज डोळे मिटून पाह्यतो, थो कुत्रा दिसतच नाई. तुमी होते न तिथं. सांगा न."

बोलायला तीच वेळ होती. मी म्हणालो, "डावीकून."

ती हळूच म्हणाली, "वळनबी डावीकडंच हाय. म्हंजे थो मले दिसाले पाह्यजे होता. म्या पाह्यलंच नाई. चूक माहीच."

रागानं नाही म्हणाली. वहीत उत्तर लिहून घ्यावं तशी म्हणाली.

व्हिडिओ बघून मला एवढं कळलं होतं की, वळणावर जी घाबरून ब्रेक दाबते, ती पडते आणि मागच्यांना पाडते. ते सोयाबीन मी नाल्यात लोटलं खरं, पण तिच्या वाटेतून ते हटलं नव्हतं. ज्या हातांनी काही चुकवलं नव्हतं, त्या हातांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. आणि मी आता त्यात डोळ्यांचीही भर घातली होती.

त्यानंतरच्या दिवसांत मी एकच युक्तिवाद करत राहिलो. आत्ता सांगितलं तर ऐन शर्यतीत तिचं मन ढळेल. शर्यत होऊ दे, मग सांगू. आणि पाचव्या दिवशीच काही झालं तर? तिथं आलो की मी उठून उगाच गोठ्यात जायचो.

काल सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "तुमच्या मनात काय हाय, मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"पुलाखालची पोती घरी आनली तवा निवडाले मीच बसलती न. सोयाबीनमंदी डांबराची खडी निंगाली. कुत्र्यानं टाकली का थे?"

मी कप खाली ठेवला. "अन् तू बोलली नाई?"

"तुमी बोलान म्हनून वाट पाह्यली. थेबी माहं चुकलंच."

"आता सांगतलं त पोरीचं मन बिघडन."

"पोरीचं मन बिघडन का तुमचं नाव?" ती म्हणाली आणि भरलेला कप तसाच उचलून आत गेली.

दुपारी मी शेतात गेलो. कपाशीत डवरणी, बैलांनी तण काढणं, चालू होती. बैल पलीकडच्या धुऱ्याला, बांधापाशी, वळेपर्यंत थांबलो आणि फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. मागे कुणीतरी परक्या भाषेत हसत होतं.

"मामा? यावेळी? आई बरी हाय न?"

"आई बरी हाय. तू आयक. मधात बोलू नको, नाईतर माह्याच्यानं सांगनं होनार नाई."

"बोला."

"कुत्रा नव्हता, माय. डावीकून नाई, उजवीकूनबी नाई. रस्त्यावर माहं सोयाबीन होतं. लोकायले टाकू नका म्हनलं अन् म्या टाकलं. तू सरळ त्याच्यावर आली. तुया हाताचं काई चुकलं नाई, डोळ्याचं काई चुकलं नाई. तिथं कोनीबी पडलं असतं."

मागचं हसणं लांब गेलं. ती चालत बाहेर आली असावी.

"अजून हाय," मी म्हणालो. "तू पडल्यावर म्या पहिले फोन नाई केला. पहिले सोयाबीन लोटलं, दगड उचलले, पोते लपवले. मंग फोन केला."

तिनं विचारलं, "किती वेळ, मामा?"

"दहा मिनिटं असतीन. जास्तबी असतीन. तू तिथं पडून होती, अन् मी माही अब्रू झाकत होतो. तुयी आई आजबी मले हात जोडते. थिलेबी मी आजच सांगतो, तू नको सांगू. तुले वाटलं त माह्याशी कधी बोलू नको. पन चूक तुयी नव्हती, माही होती. मले माफ कर, पोरी."