शेवनाना धुळ्याला पळाले

शेवनानांकडे पावशेर शेव मागितली की पावशेर कधीच मिळायची नाही. काटा बरोबर झाला तरी नाना परातीत हात घालून वरून मूठभर टाकायचेच. "कमी मापाचं आपण कुणाला दिलं नाही बुवा!" या मुठीपायी एक दिवस दुकान बुडेल, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, रोज बजावायच्या. दुकान काही बुडालं नाही, नानांचं पोट मात्र वाढत गेलं, कारण गिऱ्हाइकाला टाकलेल्या प्रत्येक मुठीमागे एक मूठ त्यांच्या स्वतःच्या तोंडात जायची. पारोळ्याच्या बाजारपेठेत त्यांच्या माडीवर आम्ही नवरा-बायको भाड्याने राहत होतो. मी साक्रीची, तिखट खायला सोकावलेली. माझं आणि नानांचं लगेच जमलं.

नानांना "नाही" म्हणता यायचं नाही. कुणी जेवायला थांबा म्हटलं की बसलेच. एकदा तीन घरी भरीत-भाकरी खाऊन आले आणि अक्कांनी ताट वाढल्यावर चौथ्यांदा बसले. मी हसले तर म्हणाले, "कुणाचा मान मोडू नये, पोरी," आणि खणखणीत ढेकर दिला.

त्या साली दिवाळीनंतर अक्कांच्या छातीत गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय. मुंबईला ऑपरेशन करा, विजेचा शेक घ्या, बाई बरी होईल. अक्का ठाम. "मुंबईले मी नही येस! मागच्या गल्लीतली यशोदा गेली, आली का परत?" नानांनी हात जोडले, रुसून बसले, चक्क एक दिवस शेव खाल्ली नाही. बाई ढिम्म.

तेवढ्यात धुळ्याच्या एका संस्थेचे लोक दुकानात आले. मुंबईला उपचारांसाठी जाणाऱ्या गरीब कॅन्सरच्या रुग्णांची तिथे राहायची सोय ही संस्था करायची. त्यासाठी त्यांनी पारोळा ते धुळे पळत जायचं आणि वाटेतल्या गावांतून मदत गोळा करायची असं ठरवलं होतं. नाना नको तितक्या उत्साहाने ऐकायला लागले, तशा अक्का आतून कडाडल्या, "वर्गणी द्या आणि मोकळे व्हा. तुमच्याच्याने त्या नळापर्यंत तरी पळवेल का?"

"नळ कशाला? धुळ्यापर्यंत पळतो. दिवे लागायच्या आत पोचलो तर तू मुंबईला यायचं. बोल!"

अक्का तोंडात पदर कोंबून हसल्या. मी जिन्यात उभी होते, मीही हसले, खोटं कशाला बोलू? "कबूल," अक्का म्हणाल्या. आणि झालं! संस्थेच्या लोकांपैकी एकाने सहज सांगितलं की खरी मॅरेथॉन याहून थोडी लांब असते. नानांच्या जिवाला ते लागलं. कमी मापाचं? मग सुरुवात पारोळ्याच्या अलीकडच्या वाडीपासून करायची, असा त्यांनी हट्टच धरला.

सरावाची तऱ्हा काय सांगू! आमच्याकडे मोठा माणूस पहाटे पळताना दिसला की कुणीतरी गेलं असंच लोक समजतात. नाना कॅनव्हासचे बूट घालून निघाले की लोक घाबरेघुबरे होऊन मागे पळायचे. "नाना, कोण गेलं?" नानांना दम लागलेला, बोलता येईना. त्यामुळे लोकांची खात्रीच पटायची. आठवडाभरात अर्धी पेठ पहाटे पळायला लागली, आणि एक गृहस्थ तर सवयीने खांद्यावर उपरणं टाकूनच यायचे.

प्रत्यक्ष दिवशी पहाटेच वाडीवरून निघालो. तरुण पोरं वाऱ्यासारखी पुढे गेली. मागे नाना, त्यांच्या मागे आमचा टेम्पो. टेम्पोत अक्का, मी आणि मदतीसाठी फट पाडलेला तेलाचा रिकामा डबा. नानांचं पळणं म्हणजे चालण्याच्या किंचित पुढचं, पण थांबत नव्हते. पारोळ्यात शिरलो आणि घात झाला. व्यापारी मंडळी टॉवेल, टोपी, नारळ घेऊन उभी! आता खानदेशात टोपी घातली म्हणजे पाहुण्याने सतरंजीवर बसायचं, चहा घ्यायचा, निदान एक भाषण ऐकायचं. नाना नाही म्हणतील तर ते नाना कसले? बसले.

आणि मग गावोगाव हेच. मुकटीला सरपंचांनी स्वतःच बांधलेल्या पाण्याच्या टाकीवर लांबलचक भाषण केलं. एका म्हाताऱ्याने मध्येच विचारलं, "नाना, कोनता पक्ष शे तुमना?" टोप्यांवर टोप्या चढल्या, चहावर चहा झाले. प्रत्येक बैठकीनंतर नानांना दोघांनी धरून उठवावं लागे. अक्का टेम्पोतून गोड आवाजात सांगायच्या, "अजून एक कप द्या हो, दमलेत!" मी त्यांच्याकडे पाहिलं. बाई पैज जिंकायला निघाली होती. मला इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बसले.

नानांनी बैठकीत अक्कांच्या गाठीची आणि पैजेची हकीकत सांगितली होतीच. मुकटीतून टेम्पो हलणार तेवढ्यात एक किडकिडीत बाई डब्यात नोट टाकायला आली. टाकली, आणि अक्कांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "माझंही छातीचंच होतं. मुंबईला जाऊन आले मी. आता गव्हाला पाणी भरून आले. बघा, उभी शे ना तुमच्यापुढे?"

टेम्पो निघाला तरी अक्का वळून त्या बाईकडे बघत राहिल्या, ती दिसेनाशी होईपर्यंत.

फागण्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्यात सतरंजी, माइक, टॉवेल-टोपी, सगळं तयार. नाना बसायला वाकले, आणि अक्का चालत्या टेम्पोतून उतरल्या! "बसवू नका त्यांना! टोपी माझ्या डोक्यावर घाला, भाषण मला ऐकवा, पण माणसाला जाऊ द्या! दिवे लागायच्या आत पोचले नाहीत तर माझं मुंबईला जाणं राहील, कळतंय का?"

माइकवाल्याने माइक खाली ठेवला. सरपंचांनी बिचाऱ्यांनी खरंच अक्कांच्या डोक्यावरच्या पदरावर टोपी ठेवली. नाना तोंड वासून बघत होते. "बघता काय? पळा!" अक्का ओरडल्या, आणि बठ्ठा गाव, पोरासोरांसकट सगळा, नानांबरोबर पळत सुटला.

धुळ्याच्या वेशीशी अंधारून आलं. एका दुकानात ट्यूबलाइट लुकलुकली तशा अक्का टेम्पोतून किंचाळल्या, "बंद कर रे तो दिवा! अजून लागायचे आहेत!" दुकानदाराने घाबरून बंद केला. मग मीही ओरडायला लागले, फागण्याची पोरं ओरडायला लागली. डोक्यावर टोपी घातलेली बाई दिवे विझवा म्हणतेय म्हटल्यावर कोण हुज्जत घालणार? रस्त्यावरची दुकानं पटापट अंधारात गेली आणि त्या अंधारातून आमचे नाना लंगडत, धापा टाकत संस्थेच्या मंडपात शिरले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

चार दिवसांनी चाळीसगावला त्यांना मुंबईच्या गाडीत बसवायला गेले. नानांचे पाय अजून सुजलेले, पायरीवर चढवेना. अक्कांनी आत जाऊन त्यांना दोन्ही हातांनी वर ओढलं. उपचाराला कोण चाललंय हे डब्यातल्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नसणार.

अक्का बऱ्या होऊन आल्या. पुढे कुणाच्या घरी गाठीची बातमी आली की नाना दुकान सोडून त्या घरी जाऊन बसायचे आणि माणूस मुंबईला निघेपर्यंत उठायचे नाहीत. आमची बदली जळगावला झाली. काही वर्षांनी नाना झोपेतच गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले तेव्हा अक्का माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, "मला जगवायला एवढा पळाला गं माणूस. मला एकदा तरी पळू द्यायचं ना त्याच्यासाठी."