रिकाम्या स्लॉटमधला सर्व्हर

भुताखेतांचे किस्से रंगले की मी चहाच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. इथले अनुभवही बरेचदा हसतच वाचतो. पण हा माझा स्वतःचा आहे.

२००८ साल असेल. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हरची कामं करायचो. महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल फॅक्टरीत आम्ही ब्लेड सर्व्हर बसवले होते – एका मोठ्या पेटीत, कपाटात पुस्तकं उभी लावावीत तसे, प्रत्येक आपापल्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये. यात नेटवर्क आणि स्टोरेजसाठी, म्हणजे पेटीबाहेर वेगळ्या ठेवलेल्या डिस्कसाठी, लागणारी ओळख ब्लेडच्या अंगावर नसते. ती पेटीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल म्हणून राहते. एक ब्लेड गेला की तेच प्रोफाइल दुसऱ्याला लावायचं. दुसरा लगेच पहिल्याच्या नावाने, पहिल्याच्याच डिस्कवर काम करू लागतो. एक वायर हलवावी लागत नाही.

त्या दिवशी एक ब्लेड जळाला होता. मी त्याचं प्रोफाइल शेजारच्या राखीव ब्लेडला लावलं, सगळं सुरळीत झालं. जळका ब्लेड खोक्यात भरून दुपारी बशीरभाईंच्या गाडीने पुण्याला निघालो. बशीरभाई महाडचेच, वरंधा घाट त्यांच्या पायाखालचा.

वरंध गाव मागे पडलं आणि शबानाचा फोन आला. फॅक्टरीतली सिस्टिम तीच सांभाळायची. एरवी शांत मुलगी.

"सर, जुना ब्लेड चालू दिसतोय."

"जुना म्हणजे?"

"तुम्ही नेलात तो! स्लॉट रिकामा आहे, पण स्क्रीनवर लिंक हिरवी आहे. त्याच नावाने स्टोरेजला जोडला गेलाय... आणि सर, तो डिस्कवर लिहितोय."

एका डिस्कवर एकाच नावाचे दोन सर्व्हर लिहू लागले की डेटाचा पार चिखल होतो. फॅक्टरीच्या सगळ्या बॅचेसचा हिशोब तिथेच होता.

"बंद कर त्याला!"

"कोणाला बंद करू? तिथे काही नाहीये, सर!" ती जवळजवळ रडत होती.

तेवढ्यात बशीरभाईंनी गाडी कडेला घेतली.

"साहेब, तुमच्या खोक्यात काय चालू हाय?"

मागच्या सीटवरून पंख्याची घरघर येत होती. ब्लेडला स्वतःचा पंखा नसतो... पंखे पेटीला असतात, आणि पेटी महाडला होती! मी हात लावला. पुठ्ठा चांगलाच तापला होता.

"उघडू नका, साहेब. चांगलं नाय हाय ते."

मी उघडलं. ब्लेडचा हिरवा दिवा लागला होता. ना वायर, ना बॅटरी – आणि दिवा लुकलुकत होता.

"शबाना," मी फोनवर ओरडलो, "स्टोरेजच्या दोन्ही केबल उपट!"

"प्लांट थांबेल, सर. माझी नोकरी जाईल."

"मी बोलतो तुमच्या साहेबांशी. उपट आधी!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला... आणि माझ्यासमोर दिवा विझला. घरघरही थांबली. बशीरभाई दुआ पुटपुटत होते. ते खोकं त्यांनी आत ठेवू दिलं नाही. टपावर बांधूनच आम्ही पुणं गाठलं.

डेटा वाचला, शबानाची नोकरीही. वर्कशॉपमध्ये ब्लेड उघडला तर आतला बोर्ड कोळशासारखा काळा. आमचे साहेब म्हणाले, स्क्रीनवर चुकीचं दिसलं असेल. असेलही. पण मग ती घरघर? तो दिवा? बशीरभाईंनीही पाहिला होता. इतक्या वर्षांत मला याचा उलगडा झालेला नाही.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा शबानाने सर्व्हर रूमचं काम सोडून दिलं होतं. कॅन्टीनमध्ये भेटली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला फोन करण्याआधी मी त्या रिकाम्या स्लॉटमध्ये हात घालून बघितला होता."

"मग?"

"हात आत गेलाच नाही. काहीतरी गरम होतं तिथे... दिसत मात्र नव्हतं."